सहा चाळीसची ओहोटी

फ्रिजवर संस्थेचं कॅलेंडर आहे, भरती-ओहोटीचं.
मंगळवार: सहा चाळीस. कामाचा दिवस.
ब्राइसला झोपेतच आईकडे सोपवला,
छातीपर्यंतची रबरी विजार चढवली
आणि नोइयाच्या खाडीत उतरले
बाकीच्या बायकांच्या रांगेत.

पाणी मांडीएवढं, फेब्रुवारीचं.
दाताळं ओढायचं, खुबे चाळायचे, पुन्हा ओढायचं.
आठ वाजताच कंबर धरली.
मला वाटलं, दाताळ्यानं.
किंवा काल रात्री दीड तास
उभ्यानं त्याला जोजवत होते, त्यानं.
बाळंतपणापासून प्रत्येक दुखण्यासाठी
माझ्याकडे एक कारण तयार असतं.

मग ते आलं.
नऊ आणि चौदा, तेवीस महिन्यांत
मी विसरलेच होते किती कोमट असतं.
गार पाण्यात उभी मी, रबराच्या आत,
आणि बाहेर खाडीला पत्ताच नाही.

चंद्राचं कुणी नाव काढू नका.
पर्यटक काढतात, धक्क्यावर उभे राहून,
बायका, समुद्र, चंद्र, सगळं एका दमात.
आम्हाला चंद्र फक्त वेळ देतो,
आणि तीही धड देत नाही.

दोसिंदानं माझ्याकडे पाहिलं.
"काय गं?"
"आली."

तिची थांबून अकरा वर्षं झाली.
तरी डब्यात, पावाच्या खाली,
प्लास्टिकमध्ये गुंडाळून एक ठेवतेच ती.
"वीस जणी आहोत," म्हणाली,
"कुणाची ना कुणाची असतेच."
आणि माझं दाताळं धरून उभी राहिली,
मी उलट्या होडीआड
ती विजार सोलून, पुन्हा चढवून येईपर्यंत.
एका पायावर नाचताना मला हसू आलं.
मग थोडं रडू आलं, पण वारा होता,
त्यानं निभावलं.

घरात चौदा महिने सगळ्या पाळ्या त्याच्या:
दुधाची, झोपेची, रडण्याची.
माझी आज लागली.

वजनाच्या शेडमध्ये कडी लावून बघतात.
कडीतून निसटतो तो खुबा लहान,
तो परत खाडीत.
मी आज तीनदा मापात चुकले.

सुईण म्हणाली होती, पाजतेस तोवर उशीर होईल,
पण त्यावर विसंबू नकोस.
शुर्शो आयर्लंडच्या पलीकडे बोटीवर,
अजून महिनाभर येत नाही.
त्याला काय सांगणार, फोन तुटत असताना?
दार पुन्हा उघडलंय, असं?
ठोठावलं कुणीच नाही अजून.
आणि उघडायचं का,
हे मलाही कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी ब्राइस छातीला लागला,
दोन घोट घेतले आणि थांबला.
वर बघितलं. कपाळाला आठी,
हिशेबात काही चुकलंय असं वाटणाऱ्या
दुकानदारासारखी.
आई म्हणाली, या दिवसांत दूध खारट लागतं,
तू तर मला चावली होतीस.
मी दोनदा साबणानं धुऊन आले होते.
तरी हे मीठ कुठलं,
खाडीचं की माझं,
सांगता येईना.
तो पुन्हा लागला, नाइलाजानं,
माझ्या कानाची पाळी मुठीत घट्ट धरून,
मी कुठे निघाले आहे असं समजून.

तो निजल्यावर पेन घेऊन फ्रिजसमोर उभी राहिले.
मंगळवारच्या चौकोनात आधीच दाटी:
ओहोटीची वेळ, खुब्यांचे किलो,
त्याच्या लसीची आठवण, वरून त्याच्याच रेघोट्या.
कोपऱ्यात एक टिंब मावेल इतकी जागा होती.
तेवढं टिंब दिलं.

मग बोटानं अठ्ठावीस मोजायला लागले,
आणि बाविसाव्यावर
तो उठला.